सोप्यातला रेडिओ स्वयंपाकघरात आला तेव्हा



'श्रावक' हा शब्द ज्या धातूवरून आला, त्याचा अर्थ ऐकणे. उपदेश ऐकतो तो श्रावक, ऐकते ती श्राविका. आपल्या धर्माने कानाला एवढा मान दिला आहे आणि त्यावर तेवढाच पहाराही बसवला आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक म्हणजे दुःश्रुती, मन मलिन होईल असे काही ऐकणे. मग घरात बोलणारी पेटी आली, तेव्हा जैन घरांत तिच्याकडे जरा संशयाने पाहिले गेले यात नवल नाही. हिच्यातून येणारे चांगले काय आणि वाईट काय? आणि ते ठरवायचे कुणी?

मुंबईत रेडिओ केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे होते. रेडिओ बाळगायला परवाना लागे, त्याची वार्षिक फी 10 रुपये. ही कंपनी 1930 साली बुडाली, कारभार सरकारने हाती घेतला आणि 1936 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. पण तो काळ शहरांचा आणि श्रीमंतांचा. आमच्या सांगलीकडच्या खेड्यांना मराठी आवाज जवळचा झाला तो 1953 साली पुणे केंद्र सुरू झाल्यावर. सांगलीचे स्वतःचे केंद्र आले 1963 मध्ये.

पुष्कळ गावांत रेडिओ आधी चावडीत आला आणि मग घरात. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली 150 गावे निवडली, त्यांत आपला कोल्हापूर जिल्हाही होता. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून तो ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. देशभर त्याची वाखाणणी झाली. पण आमच्याकडे चावडीत बसायचे ते पुरुष. बायकांपर्यंत पोचायची ती त्यांनी घरी येऊन सांगितलेली बातमी.

आमच्या घरी पहिला रेडिओ आजोबांनी आणला. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ. सोप्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर त्याची जागा. वर आत्याने विणलेले क्रोशाचे झाकण. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल. बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे, आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ लागे. मग काचेमागे पिवळा उजेड पडे, त्यावर शहरांची नावे दिसत आणि स्टेशन नीट लागले की हिरवा डोळा मिटत येई. आम्हा मुलांना तो डोळा जिवंतच वाटे.

परवान्याचे पुस्तक आप्पांच्या नावाचे. दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरायची, पुस्तकात तिकिटे चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. रेडिओचे बटणही आप्पांच्याच हाती. बायकांनी ऐकायचे ते माजघराच्या उंबऱ्याआड उभे राहून, हातातले काम न सोडता.

तरी एका बाबतीत आपल्या घरच्या बायका नशीबवान होत्या. आपले जेवण सूर्यास्तापूर्वी. शेजारी चुली पेटायच्या, तेव्हा आपल्याकडे भांडी घासून पालथी घातलेली असायची. आणि रेडिओचेही असे आहे, की वातावरणातला जो थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो, तो सूर्य मावळला की विरतो. मग लांबलांबची केंद्रे स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे स्वयंपाकघर बंद होण्याची आणि दूरचा आवाज घरात येण्याची वेळ एकच! 1952 पासून रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री आठला 'बिनाका गीतमाला' लागायची. आई सांगते, त्या वेळी शेजारच्या बायका भाकऱ्या थापत असायच्या आणि आमच्या घरच्या सुना वाती वळत अमीन सयानींचा आवाज ऐकायच्या. अर्थात आप्पा देवळातून परत येईपर्यंतच.

1955 हे वर्ष आमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी दोन कारणांनी असे. 1 एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, दर आठवड्याला एक नवे गीत, एकूण 56. लोक रेडिओला हार घालून बसत. आपल्या रामकथेत थोडे वेगळे आहे. आचार्य रविषेणांच्या पद्मपुराणात रावणाचा वध लक्ष्मण करतो आणि राम शेवटी दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. आज्जीला वाचता येत नव्हते, पण देवळातल्या शास्त्रवाचनातून हे सगळे तिला पाठ होते. पुढे गीतरामायण पुन्हा पुन्हा लागायचे, तेव्हा ती डोळे पुसत ऐकायची आणि संपल्यावर म्हणायची, "गाणं गोड हाय, पण आपल्या रामानं हिंसा केली न्हाई." दुःश्रुतीची भीती घालणाऱ्यांना तिने दिलेले हे उत्तरच होते. ऐकले तर माणूस लगेच वाहून जात नाही. तोही विचार करतो.

त्याच वर्षी आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. सल्लेखनेच्या सव्विसाव्या दिवशी, 8 सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित करून ठेवला गेला. 18 सप्टेंबरला त्यांचे समाधिमरण झाले. कुंथलगिरीला कधीच जाऊ न शकलेल्या कितीतरी बायकांनी तो क्षीण आवाज पुढे यंत्रातून ऐकला. यंत्र धर्माला बुडवते म्हणणाऱ्यांना याचा विचार करावा लागला.

पण आमच्या घरात खरा बदल झाला तो 11 डिसेंबर 1967 ला. पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. आमचे घर हादरले, फळीवरची भांडी खाली आली, सगळे अंगणात. वीज गेलेली. सोप्यातला मोठा रेडिओ मुका. आईचे माहेर पाटणकडे, तिचा जीव टांगणीला. तेवढ्यात शेजारच्या घरातला मुलगा सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घेऊन आला आणि तो तुळशीजवळच्या कट्ट्यावर ठेवला. भोवती पुरुष बसले आणि बायकाही बसल्या. कोयनानगरच्या नुकसानीची बातमी आईने स्वतःच्या कानांनी ऐकली. कुणी येऊन सांगेल म्हणून वाट पाहायची वेळ तिच्यावर आली नाही. माहेरचे सगळे सुखरूप असल्याचा निरोप दोन दिवसांनी आला, पण ते दोन दिवस काय घडले आहे हे तिला ठाऊक होते. आई म्हणते, अर्धवट ऐकण्यापेक्षा ते बरे.

पुढच्या वर्षी तिने माहेरच्या पैशांतून स्वतःचा ट्रान्झिस्टर घेतला. आप्पांनी एवढेच विचारले, "परिग्रह वाढला नाही का?" आई म्हणाली, "एका साडीनं कमी केला." तो ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात खिडकीत बसला. दुपारचे बायकांचे कार्यक्रम, प्रादेशिक बातम्या, बाजारभाव, सगळे तिथे ऐकू येऊ लागले. सामायिकाच्या वेळी आणि दशलक्षण पर्वात तो बंद असे. तो बंद कधी करायचा, हे आई ठरवायची. मला यातले मोल आता कळते. संयम दुसऱ्याने लादला तर ती बंदी होते. आपल्या हाताने बटण बंद केले तर ते व्रत होते.

1980च्या दशकात रेडिओचा परवाना रद्द झाला. आप्पांचे ते पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे. आईच्या ट्रान्झिस्टरचा मात्र कागद कधीच तिच्या नावाचा नव्हता, तोही आप्पांच्याच पुस्तकावर लागला होता.

मैत्रिणींनो, तुमच्या आईला किंवा आज्जीला एकदा विचारा, रेडिओवर स्वतः बटण फिरवून तिने पहिल्यांदा काय ऐकले. उत्तर आले तर मला जरूर कळवा.