पोत्यावरचे नाव

आमच्या कडोलीच्या घरांत कॉफी ही पाहुण्यांची. रोज चहा, आणि कोणी परगावचे आले किंवा कोजागरीचे जागरण असले की जायफळ किसून दुधातली कॉफी. ती पूड येते कुठून, हे विचारायचे कधी कारणच पडले नाही. अलीकडे पुण्या-बंगळूरला नोकरीला असलेली आमचीच मुले सुट्टीला येताना कॉफीची पाकिटे आणू लागली. त्यांतल्या एकावर ‘रत्नागिरी इस्टेट’ छापलेले पाहून घरातल्या मोठ्यांनी विचारले, कोकणात कॉफी कधीपासून व्हायला लागली?

ही रत्नागिरी कोकणातली नव्हे. चिक्कमगळूर जिल्ह्यात, बाबाबुडनगिरीच्या डोंगरांत एका कुटुंबाचा हा मळा आहे. पाकिटावर मळ्याचे नाव होते, झाडाचे वाण होते, फळ कोणत्या पद्धतीने वाळवले तेही होते. पिढ्यान् पिढ्या पोत्यांनी माल बाजारात घालणाऱ्या आम्हाला याचे फार नवल वाटले. मग कळले, की हे नाव पाकिटावर यायला त्या लोकांनाही पन्नासाहून अधिक वर्षे थांबावे लागले.

कॉफी आपल्याकडे आली ती या डोंगरांत. सतराव्या शतकात बाबा बुडन हे सूफी साधू हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले, अशी आख्यायिका आहे. रुजणारे बी बाहेर जाऊ नये याची अरब व्यापारी फार काळजी घेत, म्हणून लपवाछपवी. पुढे दीडशे वर्षे ते परसातले झाड होते. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या मळेवाल्यांनी म्हैसूर आणि कोडगूत जंगले तोडून मोठमोठे मळे उठवले. खोडकिडा आला, मग पानांवरचा तांबेरा आला. तांबेऱ्याने सिलोनची कॉफी पार बुडाली आणि तिथे चहा लागला. आपल्याकडे ती सावलीच्या आधाराने आणि नव्या वाणांच्या शोधाने तगली. 1925 साली बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र निघाले, ते आजही आहे.

खरी गोष्ट पुढची. मंदीत भाव पडले, तेव्हा 1935 साली कॉफीवर उपकर बसवून खप वाढवण्यासाठी समिती नेमली गेली. तिनेच 1936 साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडले. म्हणजे मराठी माणसाला बाहेर बसून कॉफी प्यायची सवय लावण्यात सरकारी उपकराचाही हात आहे! मग महायुद्ध आले आणि युरोपची बाजारपेठ बंद झाली. माल पडून राहू लागला. 1940 साली सरकारने सगळ्यांची कॉफी एकत्र करण्याची पद्धत आणली आणि 1942 च्या कायद्याने ती कॉफी बोर्डाकडे गेली. घरापुरती आणि बियाण्यापुरती ठेवून बाकी सगळी कॉफी बोर्डाला घालायची. प्रतवारीप्रमाणे गुण मिळत आणि त्या गुणांवर पैसे, तेही हप्त्याहप्त्याने. बोर्ड लिलाव करी.

याला नुसती नावे ठेवणे बरोबर नाही. त्या काळात लहान शेतकरी यामुळेच वाचला. पण युद्ध संपले, स्वातंत्र्य आले, तरी पद्धत तशीच राहिली. डोंगरमाथ्यावरच्या एखाद्या घराने पिकलेले लाल फळ तेवढे वेचून जिवापाड जपून माल केला, तरी तो शेजाऱ्याच्या हलगर्जी मालात मिसळायचा. प्रतीचे गुण मिळाले तरी चवीला धनी कोण, हे पिणाऱ्याला कळायला वाट नव्हती. 1992 पासून टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळत 1996 मध्ये सगळे बंधन सुटले.

सुटले आणि लगेच सुख लागले, असेही नाही. 2001-02 च्या सुमारास जगभरात भाव कोसळले. आधार काढून घेतलेला लहान शेतकरी कर्जात गेला. अशा वेळी काही घरांनी ठरवले की पोत्यांची संख्या वाढवण्यापेक्षा चव वाढवू. त्यात कष्ट फार. फळे एकदम पिकत नाहीत, म्हणून एकाच झाडावर तीन-चारदा फिरून लाल तेवढीच खुडायची. पाण्यात टाकून तरंगणारी बाजूला करायची. साल काढून गर आंबवायचा, धुवायचे, जाळीच्या मंचावर पातळ पसरून दिवसातून कितीदा तरी हलवायचे. रात्री दव पडू द्यायचे नाही. मग पारखणारे शंभरपैकी गुण देतात. ऐंशी मिळाले तर ती खास कॉफी. 2019 साली कोडगू, चिक्कमगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हे आमच्या शिवारात होणार नाही, हे आम्ही जाणतो. अरेबिकाला साधारण हजार मीटरची उंची, दाट सावली आणि थंडावा लागतो. महाराष्ट्रातही त्यासाठी मेळघाटात, चिखलदऱ्याला जावे लागते. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी, वळीव. मार्च-एप्रिलमध्ये सर पडली की आठ-दहा दिवसांत तिकडे कॉफी पांढऱ्या फुलांनी भरते, वास मोगऱ्यासारखा. सर चुकली तर वर्ष गेले. आम्हीही वळवाकडेच डोळे लावून बसतो, नांगरटीसाठी आणि बटाट्याच्या लावणीसाठी.

पुढे मात्र वाटा फुटतात. कडोलीत साहित्य संमेलन भरते म्हणून गावाचे नाव लोकांना ठाऊक आहे, बटाट्यामुळे नाही. कोणाच्या रानातला बटाटा पिठूळ, कोणाचा चिकट, हे गावात पोराटोरांना माहीत असते. अडतीत ढीग पडला की सगळा एक. चतुर्थीच्या आधी चोर्ला घाटातून गाड्या गोव्याला उतरतात, तिथल्या बाजारात ती ‘बेळगावची भाजी’ असते. आणि पोत्यावर रंगाने काढलेली खूण असते, ती अडत्याच्या दुकानाची.