ग्रेप मारण्याची कुळकथा

बिल्ड फेल झाला की शेजारच्या खुर्चीतून हमखास प्रश्न येतो, ‘लॉगवर ग्रेप मारलास का?’ हाक मारावी, शिक्का मारावा, तसा मराठीत ग्रेपही मारला जातो, इतका हा शब्द आपला झाला आहे. त्याचं कूळ मात्र न्यू जर्सीतल्या मरे हिलचं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला, बेल लॅब्जमध्ये तो जन्मला.

युनिक्सवर तेव्हा ‘ईडी’ नावाचा एडिटर होता. समोर पडदा नसायचा, टेलिटाइप असायचा: कागदाचं भेंडोळं आणि सेकंदाला दहा अक्षरं. सगळी फाइल पुन्हा छापून बघायची तर तास जायचा, म्हणून हव्या त्या ओळी तेवढ्या मागवायच्या. आज्ञा अशी: आधी ‘जी’, म्हणजे ग्लोबल, फाइलभर, मग दोन तिरक्या रेघांमध्ये शोधायचा नमुना, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात ‘आरई’, शेवटी ‘पी’, म्हणजे प्रिंट. जी, आरई, पी. सलग म्हटलं की ग्रेप.

ही आज्ञा एडिटरबाहेर पडली ती चुका शोधण्यासाठी नव्हे. बेल लॅब्जमधले ब्रायन कर्निगन सांगतात की त्यांचे सहकारी ली मॅकमॅहन ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या अठराव्या शतकातल्या 85 निबंधांपैकी कोणता कोणी लिहिला, हे शब्दांच्या वापरावरून ताडून बघत होते. पीडीपी-11 यंत्रावर एका प्रोग्रामच्या वाट्याला जेमतेम 64 किलोबाइट यायचे आणि ईडीला अख्खी फाइल पोटात घ्यावी लागायची, निबंध मावेनात. केन थॉम्सन यांनी शोधणारा भाग तेवढा सोडवून वेगळा प्रोग्राम केला. तो एकेक ओळ वाचतो, जुळली तर छापतो, नाही तर विसरतो. फाइल कितीही लांब असो, त्याला फरक पडत नाही. आज लाखभर ओळींच्या लॉगवर तो चालतो, तो याच विसराळूपणामुळे.

पण शोधायला चूक कागदावर उमटायला तर हवी, आणि योग्य जागी. त्याच मजल्यांवर फोटोटाइपसेटर आला तेव्हाची एक हकिगत स्टीव्ह जॉन्सन यांनी सांगितली आहे. मजकूर पाठवायचा, कागदाची लांब पट्टी वासाच्या रसायनांतून काढायची, काही मिनिटं थांबायचं. एका दुपारी अनेकांच्या हाती आली ती सुरेख अक्षरांत जुळवलेली एकच ओळ: अमुक फाइल उघडता येत नाही. लोक चिडले, आणि थोड्याच दिवसांत चुकांच्या निरोपांना वेगळी वाट मिळाली: स्टँडर्ड एरर. मला ही युनिक्समधली सगळ्यात माणुसकीची सोय वाटते.

याच जॉन्सन यांची एक सकाळ वाया गेली होती, चूक दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती म्हणून. त्यातून स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बदललेल्या फाइली स्वतःहून पुन्हा कंपाइल करवणारा ‘मेक’ लिहिला. मेक प्रत्येक आज्ञा चालवण्याआधी ती छापतो. बिल्ड लॉगचं मूळ मी या सवयीत मानतो. पुढे लॉग फाइलमध्ये साठवताना आपण नेहमीच्या छपाईची आणि चुकांची अशा दोन्ही वाटा पुन्हा एकत्र केल्या, कारण कुठल्या आज्ञेमुळे कुठली चूक आली हे क्रमानंच कळतं. मग शोधणं आलंच.

इथे नवखा माणूस फसतो. तो नुसतं ‘एरर’ शोधतो आणि हजारभर ओळी अंगावर घेतो. इशाऱ्यालाही चूक मानायला सांगणारा ‘-डब्ल्यूएरर’ हा पर्याय अनेकदा कंपाइलच्या प्रत्येक आज्ञेत असतो. फाइलींच्या नावांतही एरर असतो. शेवटच्या ओळीत तीन चांदण्या आणि ‘एरर 2’ दिसतं, पण ती नुसती वर पोचलेली बोंब असते; मेकच्या पोटात मेक असेल तर प्रत्येक पायरी ती पुन्हा मारते. खरी चूक बरीच वर असते आणि तिला पत्ता असतो: फाइलचं नाव, अपूर्णविराम, ओळीचा आकडा, अपूर्णविराम, निरोप. ही रीत ग्नू प्रकल्पानं आपल्या नियमांत लिहून ठेवली. म्हणून शोधायचं ते ‘अपूर्णविराम, आकडे, अपूर्णविराम’ या सांगाड्याला, आणि त्यातही पहिल्या सापडलेल्या ओळीला. तिच्या खालच्या कित्येक चुका तिचीच पिल्लं असतात.

मेक अनेक कामं एकाच वेळी चालवू लागल्यावर आज्ञा आणि चूक यांचा क्रमही डळमळला. चार कंपायलर एकदम बोलायचे, एकाची चूक दुसऱ्याच्या आज्ञेखाली जाऊन बसायची. ऑक्टोबर 2013 मध्ये आलेल्या ग्नू मेक 4.0 नं त्यावर सोय दिली: एका कामाचं सगळं बोलणं बाजूला साठवायचं आणि ते संपल्यावर एकगठ्ठा छापायचं. अशा लॉगवर ग्रेप मारताना ‘-बी 10’ दिलं की चुकीच्या वरच्या दहा ओळी सोबत येतात, आणि त्यांत दिसणारी आज्ञा बहुतेक वेळा त्याच फाइलची असते.