वेलांटी आधी की नंतर?

एका बंद पडलेल्या त्रैमासिकाची सूची करायला घेतली, तेव्हा संपादकांच्या घरच्यांनी त्यांचे कपाट मला उघडून दिले. वरच्या फळीवर निर्णयसागर छापखान्याची शंभर वर्षांपूर्वीची पुस्तके होती. पाने पिवळी, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होते. खालच्या खणात १९९७ ते २००३ या काळातल्या अंकांच्या सीडी होत्या. त्या उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा नुसता खच. छापील अंक निम्मेही शिल्लक नव्हते आणि मूळ फॉन्ट मिळेना. पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी वाचता येईनासे कसे झाले, हे शोधताना मी ऱ्हस्व वेलांटीपाशी येऊन पोचलो.

‘कि’ म्हणताना आपण क आधी उच्चारतो, इ नंतर. कागदावर मात्र वेलांटी डावीकडे. खिळे जुळवणाऱ्याला उच्चाराशी कर्तव्य नसे. स्टिकमध्ये वेलांटीचा खिळा आधी, अक्षराचा मागून. रोमनपेक्षा देवनागरीला कितीतरी अधिक खिळे लागत. जावजी दादाजींच्या फाउंड्रीचा लौकिक त्या खिळ्यांच्या रेखीवपणामुळे झाला, आणि ते शेकडो खाने कंपोझिटरच्या हाताला पाठ असत. या पसाऱ्याला आवर घालण्यासाठी टिळकांनी खिळे कमी करून पाहिले, सावरकरांनी ‘अि, अी’ची बाराखडी पुढे आणली. यंत्र बदलत नाही तर लिपीने बदलावे, असा तो काळ. टंकलेखन यंत्राच्या पन्नासेक कळांत तर जोडाक्षरांची मोडतोडच झाली. वेलांटी तिथेही आधीच.

मग डीटीपी आले आणि खिळ्यांच्या केसी भंगारात गेल्या. संगणकाला तेव्हा इंग्रजी अक्षरेच कळत. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचा तुकडा बसवला. प्रत्येकाची मांडणी निराळी. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण पानरचनेची सॉफ्टवेअरे बरीच वर्षे या वाटेला गेली नाहीत. मी कोणाला दोष देत नाही. कागदावर सुबक उमटणे एवढेच तेव्हा काम होते. फाइलीत कोणी शब्द शोधील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

युनिकोडने क्रम उलटा, म्हणजे खरे तर सुलटा केला: साठवताना क आधी, वेलांटी नंतर, डावीकडे सरकवण्याचे काम पडद्याचे. आज आपण मोबाइलवर मराठी शब्द शोधतो, तो या क्रमामुळे सापडतो. जोडाक्षरेही सगळी परत आली. लिपिसुधारणेचा अर्धा वाद निकालात निघाला.

माझ्या सीडींना याचा थेट उपयोग नव्हता. रूपांतर करणारी सोय एकाने दिली, तिने ‘वर्ष’चे ‘वषर्’ केले. रफार डोळ्यांना शेवटी दिसतो, उच्चारात आधी येतो. तिथे ती फसली.

शेवटी त्या काळी अंक टाइप करणाऱ्या बाई सापडल्या. त्यांनी पडद्यावरचा खच पाहिला, बोटे कळांवर ठेवली आणि न दाबता पुटपुटत संपादकीयाचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला. “अहो, हे तर सरळच आहे,” म्हणाल्या. “फक्त वेलांटी आधी धरायची.”

आता त्या दर रविवारी येतात. त्या वाचतात, मी लिहून घेतो. सहा अंक झाले, अठरा बाकी आहेत.