क्षयाच्या वॉर्डात सापडलेली मनाची गोळी

दरवर्षी माहूरच्या गडावर रेणुकामातेच्या पायऱ्या चढणारी आजी यंदा "तुम्हीच जाऊन या" म्हणते. अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, नातवंडांतही जीव रमत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. तपासणीत डिप्रेशन निघते, गोळी सुरू होते, आणि लगेच प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, ही झोपेची गोळी का? सवय तर लागणार नाही?" दहा-बारा दिवसांनी "काहीच फरक नाही" म्हणून गोळी बंदही होते. तुमच्या घरी असे घडले असेल, तर या गोळ्यांचा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे.

सुरुवात झाली क्षयरोगापासून. 1952 साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांवर आयप्रोनियाझिड नावाचे नवे औषध वापरून पाहिले जात होते. आपल्याकडे आजही क्षयासाठी देतात त्या आयसोनियाझिडचे हे भावंड. अंथरुणाला खिळलेले रुग्ण हसू-बोलू लागले, जेवण मागू लागले. हा परिणाम नुसत्या फुप्फुसांवरचा नाही, हे डॉक्टरांनी हेरले. 1957 मध्ये नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने ते डिप्रेशनच्या रुग्णांसाठी वापरल्याचे जाहीर केले. पण त्याने काहींच्या यकृताला इजा झाली आणि काही वर्षांतच अमेरिकेत ते मागे घ्यावे लागले.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेन गावच्या रुग्णालयात रोलँड कून एक वेगळेच औषध तपासत होते, इमिप्रामिन. ते स्किझोफ्रेनियासाठी आणले होते, तिथे ते फसले. 1956 मध्ये कून यांनी ते खोल उदासीनतेच्या रुग्णांना दिले आणि माणसे पुन्हा घरादारात लक्ष घालू लागली. पुढच्या वर्षी झुरिकच्या जागतिक परिषदेत त्यांनी हे सांगितले, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर लोक होते! गुण यायला अनेकदा काही आठवडे लागतात, हेही तेव्हापासून माहीत आहे. झोपेची गोळी त्याच रात्री काम करते. ही तशी नाही. म्हणून बाराव्या दिवशी निकाल लावू नका. म्हाताऱ्या माणसांत तर पूर्ण गुण यायला सहा ते आठ आठवडेही लागू शकतात.

आता भीतीचे मूळ. इमिप्रामिन आणि त्याच्या घरातली अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे तरुणांनाही जड जात. म्हाताऱ्यांचे तर हाल होत. तोंड कोरडे, शौचाला खडा, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडायची. उठताना रक्तदाब एकदम उतरून चक्कर, मग पडणे, मग खुब्याचे हाड मोडणे. काही जण भांबावून जात, हृदयाची लय बिघडे. "त्या गोळ्यांनी आमचे आजोबा गुंगीतच असायचे" असे कुणी सांगितले तर ती थाप समजू नका. 1991 मध्ये अमेरिकेत डॉ. बीअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, तीत अमिट्रिप्टिलिन होते.

1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली. पुढे सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम आली. हृदयावर आणि शुद्धीवर यांचा भार बराच कमी. आज आजीच्या चिठ्ठीवर बहुधा यांतलेच एखादे नाव असते. तरी ती निर्धोक नाहीत. वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरू शकते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर. ॲस्पिरिन किंवा गुडघेदुखीच्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टर कमी डोसने सुरू करून सावकाश वाढवतात. यांची नशा किंवा चटक लागत नाही. मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी होते, त्यामुळे हळूहळू उतरवाव्या लागतात.

हे सगळे परदेशातले झाले. आपल्याजवळचा पुरावा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या साध्या सरकारी ओपीडीतल्या 450 प्रौढ रुग्णांवर केलेला अभ्यास 2003 मध्ये छापून आला. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन घेणारे रुग्ण, दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले होते. म्हणजे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरही ही गोळी काम करते. 2019 मध्ये गोव्याचाच आणखी एक अभ्यास आला, डॉ. अमित डायस यांचा. साठीपुढच्या, उदासीची सौम्य लक्षणे असलेल्या 181 जणांचा. इथे गोळी नव्हतीच. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते अडचणी सोडवायला, झोप सुधारायला, मधुमेह सांभाळायला, सरकारी योजना मिळवायला मदत करत. वर्षभरात त्यांच्या गटात सुमारे 4 टक्के लोकांना पूर्ण डिप्रेशन झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात 14 टक्क्यांना. तेव्हा उदासी सौम्य असतानाच आलात, तर कदाचित गोळी लागणारही नाही.

पण गोळी चालू असेल, तर पुढच्या खेपेला आजीच्या सगळ्या औषधांची पिशवी सोबत आणा, मेडिकलवरून परस्पर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांसकट. आजी अचानक भांबावली, तोल जाऊ लागला किंवा शौचाला काळी झाली, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी या. जगण्यात अर्थ नाही असे ती बोलू लागली, तर "म्हातारपणी बोलतात असं" म्हणून सोडू नका. तिला एकटे ठेवू नका आणि लगेच दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री 14416 या टेली-मानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर बोलता येते.