धारोष्ण

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माल्टा बेटावर दूध स्वतःच्या पायांनी चालत घरी यायचं. व्हॅलेटा शहराच्या चढउताराच्या गल्ल्यांमधून गवळी शेळ्यांचा कळप हाकत न्यायचा, कुणी दारातून भांडं पुढे केलं की तिथेच पायरीशी बसून धार काढायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काढलेलं दूध. त्यात पाणी घालायला वाव नाही, ते शिळं असण्याचा प्रश्न नाही. याहून शुद्ध दूध कुठलं?

याच बेटावर एक चिवट ताप होता. अंगात चढायचा, आठ-दहा दिवस राहायचा, उतरायचा. माणूस उठून बसेपर्यंत पुन्हा चढायचा. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, सांध्यांमध्ये ठणका आणि कशातच मन लागू नये अशी मरगळ. लाटांसारख्या येण्याजाण्यामुळे इंग्रजीत त्याला ‘अनड्युलंट फीवर’ म्हणू लागले. मरणारे थोडे, पण खाटेला खिळलेले पुष्कळ, आणि तेही महिनोन्महिने. माल्टा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि भूमध्य समुद्रातलं त्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं होतं. त्यामुळे सैनिक आणि खलाशी पडून राहू लागले तसं लंडनला या तापाकडे लक्ष द्यावं लागलं. बेटावरचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून कण्हत होते, ही गोष्ट वेगळी.

डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून या तापाचा जंतू वेगळा काढला आणि 1887 साली ते जाहीर केलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला गोल ठिपके दिसले, म्हणून तो ‘मायक्रोकॉकस’. पुढे त्याला ‘मेलिटेन्सिस’ हे आडनाव चिकटलं. मेलिटा हे माल्टाचं जुनं रोमन नाव. जंतू सापडला, पण तो माणसात शिरतो कसा हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. धूळ, गटारं, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दारात उभ्या असलेल्या शेळीवर कुणी घेतला नाही. ती धडधाकट होती, चरत होती, दूध देत होती.

1905 साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने प्रयोगासाठी काही शेळ्या आणल्या. बेत असा होता, की त्यांना जंतू टोचायचे आणि काय होतं ते बघायचं. आधी त्यांचं रक्त तपासलं तर बहुतेक शेळ्यांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिक्रिया मिळाली. टोचायच्या आधीच! मग दूध तपासलं, त्यात जंतू सापडले. बेटावरच्या अनेक शेळ्यांमध्ये ते होते आणि त्या शेळ्यांना पाहून कुणाला काही संशय येण्यासारखं नव्हतं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या शेती खात्याने विकत घेतलेल्या माल्टाच्या शेळ्या ‘जोशुआ निकोल्सन’ नावाच्या बोटीवर चढल्या. वाटेत खलाश्यांना ताज्या दुधाची चंगळ झाली. कच्चं दूध पिणाऱ्यांपैकी बरेच जण नंतर तापाने पडले. असा प्रयोग मुद्दाम करायचा म्हटलं असतं तर परवानगी मिळाली नसती.

1906 मध्ये सैन्याच्या आणि आरमाराच्या ताटातून शेळीचं दूध हद्दपार झालं आणि तिथला ताप बघता बघता ओसरला. एक पदार्थ काढून घेतला आणि रोग गेला, इतका स्वच्छ पुरावा वैद्यकाच्या इतिहासात क्वचित मिळतो. पण इथे थांबून विचारायला हवं, की बेटावरच्या लोकांचं काय झालं? सैनिकाला डब्यातलं दूध देता येतं. गवळ्याला कळपाच्या बदल्यात काय देणार? गरिबाने रोज दूध उकळायला सरपण कुठून आणायचं? माल्टाचे लोक तेच दूध पीत राहिले, आजारी पडत राहिले. बेटावर पाश्चरायझेशनचं केंद्र निघालं ते 1938 साली. शोध 1905चा, तोही तिथल्याच माणसाने लावलेला.

आता याच काळातल्या एका वेगळ्या गोष्टीकडे येऊ. डेन्मार्कमध्ये गायी गाभडत होत्या. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला या शब्दाचं भय सांगावं लागत नाही. सहा-सात महिन्यांची गाभण गाय अचानक गर्भ टाकते, वार अडकते, ते वेत वाया जातं, आणि मग गोठ्यातल्या एकामागून एक गायींचं तेच होतं. बर्नहार्ड बँग या डॅनिश पशुवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचा जंतू शोधला. त्याला तो काडीसारखा दिसला, म्हणून ‘बॅसिलस’, आणि गर्भपात घडवतो म्हणून ‘अबॉर्टस’.

एक जंतू गोल, एक काडी. एक शेळीचा, एक गाईचा. एक माणसाला ताप आणणारा, दुसरा गाभ पाडणारा. एकाचा अभ्यास डॉक्टर करत होते, दुसऱ्याचा गुरांचे डॉक्टर, आणि या दोन जमाती एकमेकांची नियतकालिकं फारशी वाचत नसत. दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघावं असं वीस वर्षं कुणाला वाटलं नाही.

ज्या बाईला वाटलं ती या दोन्ही जमातींतली नव्हती. ॲलिस इव्हान्स 1881 साली पेनसिल्व्हेनियात जन्मली. खेड्यातल्या शाळेत चार वर्षं शिकवत होती. कॉर्नेल विद्यापीठात ग्रामीण शिक्षकांसाठी निसर्ग-अभ्यासाचा फुकट वर्ग होता, तिथे गेली आणि जंतुशास्त्रात रमली. विस्कॉन्सिन विद्यापीठातून एम.एस. केलं, पीएच.डी. केली नाही. मग अमेरिकेच्या शेती खात्याच्या दुग्ध विभागात कामाला लागली. 1913 मध्ये ती वॉशिंग्टनला रुजू झाली तेव्हा विभागात कायमच्या पदावर दुसरी एकही स्त्री शास्त्रज्ञ नव्हती.

तिच्याकडे काम आलं ते रटाळ म्हणावं असं: नुकत्याच काढलेल्या दुधात कोणकोणते जंतू असतात ते बघणं. तेव्हाची समजूत होती, की निरोगी गाईच्या आचळातून येणारं दूध निर्धोक असतं, घाण लागते ती नंतर, हातांची, भांड्यांची, माश्यांची. इव्हान्सला मात्र ठणठणीत दिसणाऱ्या गायींच्या दुधात बँगचा जंतू सापडत होता. तिने तो माल्टाच्या जंतूशेजारी ठेवला. दोन्ही सारख्याच पद्धतीने वाढत होते, रक्ताच्या चाचणीत सारखेच वागत होते, प्रयोगातल्या गाभण प्राण्यांमध्ये सारखाच परिणाम करत होते. गोल आणि काडीचा घोळ साधा निघाला. ही काडी इतकी आखूड असते, की तिला ठिपका म्हणणाराही फार चुकत नाही.

1917च्या अखेरीस तिने अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या सभेत हे मांडलं आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. त्यातून निघणारा प्रश्न तिने विचारला: गाईचं कच्चं दूध पिऊन माणसाला हा ताप येत असेल का?

सभेचा विश्वास बसला नाही. हे दोन जंतू इतके जवळचे असते तर ते आधीच कुणाच्या तरी लक्षात आलं नसतं का, हा एक आक्षेप. ‘तरी’ या शब्दात बरंच काही दडलेलं होतं. बाई, डॉक्टरेट नाही, आणि म्हणे ब्रूस आणि बँग यांना जे दिसलं नाही ते हिला दिसलं! दूधवाल्यांनी वेगळाच कयास बांधला, की ही पाश्चरायझेशनची यंत्रं बनवणाऱ्यांना सामील आहे.

विरोधकांमध्ये सर्वांत वजनदार नाव थिओबाल्ड स्मिथ यांचं. गोचिडांमुळे गुरांचा ताप पसरतो हे सिद्ध करणारे, माणसाचा आणि गाईचा क्षयाचा जंतू वेगळा ओळखणारे, अमेरिकेतले त्या काळचे सर्वांत नावाजलेले जंतुशास्त्रज्ञ. त्यांना खलनायक करण्याचा मोह होतो, पण संशयवाद्यांचा एक प्रश्न रास्त होता. देशभर लोक कच्चं दूध पितात, मग रुग्ण कुठे आहेत?

रुग्ण होते. त्यांच्या कागदांवर टायफॉइड, मलेरिया, इन्फ्लुएन्झा असं काहीतरी लिहिलेलं होतं. ताप, घाम, अंगदुखी, एवढ्यावरून डॉक्टर आणखी काय लिहिणार? जो रोग या देशात नाहीच असं मानलं जातं, त्याची तपासणी कुणी करत नाही. शिवाय गाईचा जंतू शेळीच्या जंतूपेक्षा माणसाला जरा कमी छळतो आणि दूध पिणं व आजारी पडणं यांत कधी कधी कित्येक आठवडे जातात. इतक्या दिवसांनी दुधाच्या पेल्याची आठवण कुणाला राहणार! हा जंतू दूध नासवत नाही, वास नाही, चव बदलत नाही.

1920 साली कॅलिफोर्नियात कार्ल मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिचं निरीक्षण पडताळून पाहिलं. ते बरोबर होतं. या सगळ्या जंतूंना एकच कुळ द्यावं असं त्यांनी सुचवलं, आणि कुळाला नाव मिळालं ब्रूसचं: ब्रुसेला. रोग झाला ब्रुसेलोसिस. 1924 मध्ये शेळीशी कसलाही संबंध न आलेला एक रुग्ण बाल्टिमोरमध्ये नोंदला गेला, आणि मग शोधू लागल्यावर रुग्ण सापडत गेले.

दरम्यान, 1922 मध्ये प्रयोगशाळेत काम करताना इव्हान्सला स्वतःलाच या जंतूची लागण झाली. ताप आला, गेला, पुन्हा आला. जुनाट ब्रुसेलोसिसची खूण अशी, की बाहेरून काही दिसत नाही. हा जंतू शरीराच्या संरक्षक पेशींच्याच आत दडून बसतो, त्यामुळे साध्या तपासणीत हाती लागेलच असं नाही. डॉक्टरांनी निदान केलं ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे नसांचा अशक्तपणा. आजच्या भाषेत, तुमच्या मनाचे खेळ आहेत, विश्रांती घ्या. ज्या रोगाबद्दल जगात सर्वांत जास्त माहिती असलेल्या मोजक्या माणसांपैकी ती एक होती, तो रोग आपल्याला आहे हे ती सांगत होती आणि तिला ढोंगी ठरवण्याच्या बेतात सगळे होते. असं सहा वर्षं चाललं. 1928 मध्ये एका शस्त्रक्रियेत तिच्या शरीरातल्या गाठींचे नमुने घेतले गेले आणि त्यांतून ब्रुसेला वाढला. त्यानंतर तिला कुणी ढोंगी म्हटलं नाही. त्याच वर्षी ती अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या संघटनेची अध्यक्ष झाली, तिथली पहिली स्त्री अध्यक्ष. ताप मात्र पुढेही वर्षानुवर्षं येत-जात राहिला.

पुढच्या काळात अमेरिकेतल्या शहरांनी एकेक करून पाश्चरायझेशन सक्तीचं केलं. क्षयापासून टायफॉइडपर्यंत दुधावाटे येणाऱ्या इतर रोगांचाही त्यात वाटा होता, सगळं श्रेय इव्हान्सला देता येणार नाही. उपाय तसा अगदीच साधा: 63 अंश सेल्सिअसला अर्धा तास, किंवा 72 अंशाला पंधरा सेकंद. एवढ्यात ब्रुसेला मरतो.

आपल्या स्वयंपाकघरात हे आधीपासून होत आलंय, जरा जास्तच जोरात. दूध आलं की आधी तापवायचं, उतू जाऊ नये म्हणून शेजारी उभं राहायचं. यामागे जंतुशास्त्र नव्हतं. आपल्या हवेत न तापवलेलं दूध संध्याकाळपर्यंत नासतं आणि तापवल्यावर साय मिळते, एवढा साधा हिशेब होता. पण त्याच मराठीत ‘धारोष्ण’ असाही एक शब्द आहे, आणि तो कौतुकाचा शब्द आहे. धारेची ऊब अजून अंगात असलेलं दूध. पैलवानाच्या खुराकात त्याला मान. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून फेसाळता पेला हातात देतात, आणि तो तसाच रिचवण्यात एक ऐट आहे. व्हॅलेटाच्या पायरीवरचा माणूसही अशाच भरवशाने भांडं पुढे करत होता. जनावर धष्टपुष्ट दिसतं, दूध समोर निघतं, मग आणखी काय हवं? धारेची ऊब असते 38-39 अंशांची. ब्रुसेलाला हेच तापमान मानवतं. हल्ली ‘कच्चं दूध, निसर्गाची देणगी’ असं सांगणारी रील्स फोनवर फिरतात, त्यांत हा आकडा कुणी सांगत नाही.

भारतात हा रोग गुरांमध्ये पसरलेला आहे. दूध उकळणाऱ्या शहरी घराला त्याचा उपद्रव कमी. तो होतो तो गोठ्यात. गाय गाभडल्यावर हातमोजे न घालता अडकलेली वार काढणारा शेतकरी, त्याची बायको, रात्री-अपरात्री बोलावलेला पशुवैद्य, यांच्या हातावरच्या लहानशा जखमेतूनही जंतू आत शिरतो. मग तोच लाटांचा ताप, कंबर धरणं, आणि टायफॉइडची औषधं घेऊन बरं न वाटणं. निदान झालं तर दोन प्रतिजैविकं मिळून साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात.

2019 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या जनावरांच्या रोगनियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच लस द्यायची. लशीचं नाव एस-19. तिचीही एक कथा आहे. 1923 मध्ये अमेरिकेत जॉन बक या शास्त्रज्ञाने एका जर्सी गाईच्या दुधातून वेगळा काढलेला ब्रुसेला प्रयोगशाळेत वर्षभराहून जास्त काळ नुसता टेबलावर पडून राहिला. नंतर पाहिलं तर त्याचा जोर उतरला होता. गाईचं संरक्षण करण्याइतका तो जिवंत होता, तिला आजारी पाडण्याइतका नव्हता. शंभर वर्षांनंतर आज त्याचीच पिल्लावळ आपल्या कालवडींना टोचली जाते.

माणसाच्या बाबतीत मात्र तो पुरता निवळलेला नाही. म्हणून गोठ्यात लस टोचताना पशुवैद्य हातमोजे आणि चष्मा घालतात, आणि कालवड उसळली तर आधी सुई आपल्या हातापासून लांब नेतात.