अ‍ॅडलेडचे तीन दिवस : उंटवाल्यांची मस्जिद, बाजार आणि समुद्र

ऑस्ट्रेलियाची सहल म्हणजे सिडनी आणि मेलबर्न, हे आपल्याकडे जणू ठरूनच गेलंय. मुलगा किंवा भाची तिकडे शिकायला असेल तर फार तर त्यांच्या शहराची भर पडते. दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी अ‍ॅडलेड त्या यादीत क्वचितच येते. पण हातात तीनच दिवस असतील, बरोबर आई-वडील आणि लहान मुलं असतील, तर हे शहर सोयीचं आहे. सपाट आहे, रस्ते सरळ आहेत आणि पाहण्यासारखं बरंचसं फुकट आहे. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या शहरांमधली आज उभी असलेली सर्वात जुनी मस्जिद इथेच आहे. ती ज्यांनी बांधली त्यातले बरेच जण कराचीच्या बंदरातून जहाजात बसले होते, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती.

कार्यक्रम आखताना शुक्रवार मध्ये येईल असं बघा. जुम्याची नमाज जुन्या मस्जिदीत होते आणि शुक्रवारी सेंट्रल मार्केट संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं. रविवारी आणि सोमवारी मार्केट बंद. शनिवारी रात्री पोहोचून मंगळवारी पहाटे परतणारे ते बघतच नाहीत.

लिटल गिल्बर्ट स्ट्रीटची मस्जिद

शहराच्या नैऋत्य भागात लिटल गिल्बर्ट स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली आहे. तिथे घरांच्या मध्ये ही दगडी मस्जिद उभी आहे. बांधकाम १८८८-८९ चं. इमारत साधीच, लांबून नजरेत भरतात ते चार कोपऱ्यांवरचे चार मिनार, जे १९०३ मध्ये उभारले गेले.

ही माणसं इतक्या लांब का आली, ते मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘छोटीशी तर आहे’ म्हणून ती परत फिरतील. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या वाळवंटात घोडे आणि बैल पाण्यावाचून टिकत नव्हते. म्हणून १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून मेलबर्नला उंट नेले गेले. १८६६ मध्ये थॉमस एल्डर या बड्या जमीनदार-व्यापाऱ्याने शंभराहून जास्त उंट आणि ३१ उंटवाले कराचीहून पोर्ट ऑगस्टाला आणले. त्यानंतर पुढची पन्नासेक वर्षं लोकर, पीठ, चहा, तारेचे खांब, रेल्वेचे रूळ, खाणीचं सामान असं सगळं उंटांच्या पाठीवरून गेलं. एक तगडा उंट चार-पाचशे किलो ओझं उचलायचा. उंटवाल्यांत पठाण होते, बलुच होते, सिंधी आणि पंजाबीही होते. गोऱ्यांनी सरसकट सगळ्यांना ‘अफगाण’ म्हटलं, आणि त्याचंही पुढे नुसतं ‘गान’ झालं.

बहुतेक जण काही वर्षांच्या करारावर, बायका-मुलं मागे ठेवून आले. काहींनी तिथेच आदिवासी किंवा युरोपीय स्त्रियांशी निकाह केला. १९०१ मध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देण्यासाठी कायदा झाला. १९०३ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वच नाकारलं. म्हणजे मिनार उभे राहिले त्याच वर्षी ते बांधणाऱ्यांना ‘तुम्ही इथले नाही’ असं लेखी सांगितलं गेलं. शाळेत आपण पहिल्या महायुद्धातला अ‍ॅन्झॅक शिकवतो, ऑस्ट्रेलियाची लोकर शिकवतो. ती लोकर बंदरापर्यंत कोणी आणली हे पुस्तकात नसतं.

मोटारी आल्यावर उंटांचं काम संपलं. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने मोकाट उंट मारायची परवानगी देणारा कायदा केला. अनेक मालकांनी जनावरांना गोळी घालण्याऐवजी वाळवंटात सोडून दिलं. आजचे जंगली उंट त्यांचेच वंशज. म्हातारे झालेले उंटवाले मात्र या मस्जिदीपाशी येऊन राहिले. शेजारच्या छोट्या खोल्यांत त्यांची शेवटची वर्षं गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्नियातून आलेल्या तरुण मुसलमानांना इथे भेटली ती हीच फेटेवाली, खूप वय झालेली मोजकी माणसं. पुढे मस्जिद पुन्हा गजबजली ती या नव्या लोकांमुळे.

जवळच्याच स्टर्ट स्ट्रीटवर महोमेट अलम हे कंदाहारकडचे गृहस्थ जडीबुटीचे औषध देत. आधी उंटवाले होते. औषधाची फी सांगत नसत, लोक देतील ते घेत. १९३५ मध्ये डॉक्टर नसताना उपचार केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तरी दारातली रांग हटली नाही. १९६४ मध्ये त्यांचं निधन झालं.

मस्जिद पाहायला शक्यतो नमाजच्या वेळीच जा, एरवी फाटक बंद असू शकतं. बरोबर स्त्रिया असतील तर त्यांच्या जागेची चौकशी आधी फोनवर करून घ्या. तिथून पश्चिमेला चालत गेलं की वेस्ट टेरेस कब्रस्तान लागतं. १८३७ पासूनचं हे कब्रस्तान सगळ्या धर्मांचं आहे, त्यात मुसलमानांचा वेगळा भाग आहे. फातिहा पढायला पाच मिनिटं काढाच.

किब्ल्याबद्दल एक गंमत. अ‍ॅडलेडमधून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या मुंबईसारखाच. पण तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे सावली बघून दिशा ठरवणाऱ्यांचा गोंधळ उडतो. सरळ होकायंत्र वापरा. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो, इशाला दहा वाजून जातात. मुलांचं रात्रीचं जेवण त्याप्रमाणे ठरवा.

खाणं

सेंट्रल मार्केट १८६९ पासून चालू आहे आणि मस्जिदीपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. फळं, चीज, ऑलिव्ह, खजूर, सुकामेवा, ताजी मासळी असं एका छपराखाली सगळं मिळतं. लागूनच गुजर स्ट्रीट आणि चायनाटाउन आहे. मलेशियन, लेबनीज, अफगाणी, तुर्की खाणं या शहरात सहज मिळतं, पण ‘मालक मुसलमान दिसतो’ एवढ्यावर जाऊ नका. हलालचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं. नसेल तर विचारायला लाजू नका, तिथले लोक सरळ उत्तर देतात. ऑस्ट्रेलिया हलाल मांसाचा मोठा निर्यातदार आहे, त्यामुळे हा शब्द त्यांना नवा नाही.

मासे हलाल असले तरी दोन प्रश्न विचारायचेच. पहिला, तळणीच्या पिठात बिअर आहे का? दुसरा, त्याच तेलात डुकराचं काही तळतात का? ही उत्तरं नीट मिळाली तर किंग जॉर्ज व्हायटिंग मासा आणि चिप्स जरूर खा, दक्षिण ऑस्ट्रेलियाची ती खासियत आहे. ‘एबी’ नावाचा पदार्थ याच शहराचा. चिप्सवर कबाबचं मांस आणि वरून लसूण, चिली, बार्बेक्यू सॉस. हलाल कबाबच्या दुकानात मागा. एक प्लेट दोघांना पुरते. वाटाण्याच्या सूपमध्ये बुडवलेला मीट पाय इथे फार जुना, पण त्यातलं मांस हलाल असल्याची खात्री असेल तरच.

बेडकाच्या तोंडाचा केक १९२२ पासून बाल्फोर्स करतात, मुलं हट्ट धरतील. हेग्सची चॉकलेटं १९१५ पासूनची. दोन्हीकडे साहित्याची यादी वाचा, काही चॉकलेटांत मद्य असतं. जेलाटिन शब्द दिसला आणि पुढे काही लिहिलेलं नसलं तर ठेवून द्या.

बाकीचं शहर

नॉर्थ टेरेस या एकाच रस्त्यावर एक दिवस जातो. साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये आदिवासी संस्कृतीचं मोठं दालन आहे, प्रवेश फुकट. शेजारची आर्ट गॅलरीही फुकट. तिच्या संग्रहात इस्लामी कलेच्या वस्तूही आहेत. पलीकडे राज्य ग्रंथालयाचा १८८४ मधला मॉर्टलॉक विभाग आहे, लोखंडी सज्जे आणि काचेचं छत असलेला. रस्त्याच्या टोकाला बोटॅनिक गार्डन. तिथलं काचेचं पाम हाउस १८७७ चं आहे. डबा घेऊन जायला आणि जुहर पढायला ही बाग उत्तम.

क्रिकेटवाल्यांना अ‍ॅडलेड ओव्हल वेगळं सांगायला नको. २००३ मध्ये द्रविडच्या २३३ धावा आणि आपल्या मुंबईच्या आगरकरचे ४१ धावांत ६ बळी इथलेच. २०२० मधले ३६ सर्वबादही इथलेच, त्यावर न बोललेलं बरं. १९११ चा लाकडी धावफलक अजून आहे, आणि ब्रॅडमन यांच्या वस्तूंचं प्रदर्शनही.

शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे. तीच ट्राम तिकीट काढून अर्ध्या तासात ग्लेनेल्गच्या समुद्रकिनाऱ्यावर नेते. पाणी शांत, जेट्टी लांब, संध्याकाळ मोकळी. गाडी असेल तर डोंगराकडे क्लेलँड वन्यप्राणी उद्यानात कोआला आणि कांगारू जवळून दिसतात, आणि हानडॉर्फ हे १८३९ मधलं जर्मन गाव त्याच बाजूला आहे. बारोसाच्या वाइनच्या सहली सगळे सुचवतील. आपल्याला त्यात काही नाही.

आजही अ‍ॅडलेडहून डार्विनला २९७९ किलोमीटर जाणारी रेल्वे आहे. तिचं नाव ‘द गान’, उंटवाल्यांवरूनच पडलेलं. भाडं फार महाग आहे, म्हणून स्टेशनवर उभी असलेली गाडी बघून मुलांना नावाची गोष्ट सांगितली तरी चालेल.

जाण्यापूर्वी

मुंबईहून थेट विमान नाही. सिंगापूर, क्वालालंपूर किंवा दोहा इथे बदल करावा लागतो. ऋतू उलटे असतात. मार्च ते मे हवा छान, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्रिंज महोत्सवामुळे हॉटेलं महागतात. जानेवारीत सांभाळून, २४ जानेवारी २०१९ ला इथे पारा ४६.६ वर गेला होता, अगदी चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यासारखा. घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा चार तास पुढे, उन्हाळ्यात पाच तास.

हॉटेलच्या शौचालयात जेट नसतो, एक रिकामी बाटली बॅगेत असू द्या. नळाचं पाणी पिण्यालायक आहे. बॅगेत लोणचं, मिठाई, तूप, खजूर, मसाले काहीही असो, विमानातल्या फॉर्मवर ते जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड मोठा असतो. मेलबर्नहून गाडीने येणार असाल तर फळं राज्याच्या हद्दीआधीच संपवा. फळमाशीमुळे दक्षिण ऑस्ट्रेलियात ती आणू देत नाहीत, आणि नाक्यावर तपासणी होते.