श्रवणदोष आणि मानसिक आरोग्य : संवाद तुटण्याची किंमत

नजर अधू झाली की माणूस स्वतःहून चष्मा करून घेतो. ऐकू कमी येऊ लागल्याचे मात्र बहुधा त्याच्या आधी घरच्यांना जाणवते. दूरचित्रवाणीचा आवाज वाढतो, दारावरची घंटा लक्षात येत नाही, एकच प्रश्न दोनदा-तीनदा विचारला जातो. कानाचा हा दोष बाहेरून दिसत नाही. त्यामुळे तो असलेली व्यक्ती अनेकदा हट्टी, विसराळू किंवा तुसडी ठरते. श्रवणदोषाचा मनावर होणारा परिणाम पुष्कळदा या गैरसमजापासूनच सुरू होतो.

व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्रवणविषयक जागतिक अहवालानुसार जगात १५० कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात श्रवणदोष आहे. त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना पुनर्वसन सेवांची गरज आहे. २०५० पर्यंत हे आकडे अनुक्रमे सुमारे २५० कोटी आणि किमान ७० कोटींवर जातील, असा अंदाज आहे.

भारतात २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत श्रवणविषयक दिव्यांगत्व असलेले सुमारे ५० लाख ७० हजार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेली व्यक्ती ऐकण्यास कठीण जाणाऱ्यांच्या वर्गात मोडते, तर ७० डेसिबल ऱ्हास झाल्यास ती कर्णबधिर मानली जाते. सर्वसाधारण संभाषणाचा आवाजच ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजेच कायद्याची मर्यादा गाठण्याच्या पुष्कळ आधीपासून माणसाला रोजचे बोलणे कष्टाने ऐकावे लागते. मानसिक ताणाची सुरुवात याच टप्प्यात होते आणि नेमका हाच टप्पा दुर्लक्षित राहतो.

शब्द निसटतात, माणसे दुरावतात

वाढत्या वयातील श्रवणदोषात सर्व ध्वनी सारखेच मंद होत नाहीत. अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की मानवी शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत. त्यांतही वरच्या पट्टीतील ध्वनी टिपणाऱ्या पेशी सहसा आधी निकामी होतात. बोलण्यातील स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, त, क यांसारखी व्यंजने वेगळी ओळखू येतात ती वरच्या पट्टीतील ध्वनींमुळे. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार वारंवार ऐकायला मिळते. ‘ताट’ म्हटले की ‘पाट’, हे संदर्भावरून ताडावे लागते.

दिवसभर असे अंदाज बांधून मेंदू थकतो. चुकीचे उत्तर दिले तर हसे होईल, या भीतीने माणूस न कळताही मान डोलावतो; पुढे लग्नसमारंभ, भजन, सोसायटीची सभा टाळू लागतो. घरात असूनही तो गप्पांच्या बाहेर पडतो. प्रौढ वयातील श्रवणदोषाचा एकाकीपणा, नैराश्य आणि चिंता यांच्याशी संबंध असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. कानात सतत गुणगुण किंवा शिट्टीसारखा आवाज येत असल्यास निद्रानाश आणि अस्वस्थतेची भर पडते.

स्मृतिभ्रंशाशी संबंध

स्मृतिभ्रंशाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ जोखीम घटक नमूद केले असून श्रवणदोष त्यांतील प्रमुख घटकांपैकी एक आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रवणयंत्रामुळे संपूर्ण गटाच्या बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक पडला नाही; मात्र मुळात अधिक जोखीम असलेल्या उपगटात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. त्यामुळे श्रवणयंत्र स्मृतिभ्रंश रोखतेच, असे म्हणता येत नाही. पण श्रवणदोषाकडे दुर्लक्ष करण्यासही आधार उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. स्मरणशक्तीची तपासणी बहुधा तोंडी प्रश्न विचारून होते. प्रश्नच ऐकू न आल्यास उत्तर चुकते आणि वृद्धाची बुद्धी मंदावल्याचा चुकीचा समज होऊ शकतो. म्हणून अशा तपासणीपूर्वी श्रवणशक्ती तपासणे आवश्यक ठरते.

जन्मतः कर्णबधिर मुले

जन्मतः कर्णबधिर असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या मानसिक त्रासाचे मूळ शांततेत नसून लहानपणी कोणतीही भाषा पूर्णपणे न मिळण्यात असते. कर्णबधिर मुलांपैकी बहुसंख्य मुले ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात आणि या पालकांना सांकेतिक भाषा सहसा अवगत नसते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती मराठी किंवा हिंदीचे हस्तरूप नव्हे. तिच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी नवी दिल्लीत २०१५ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. समुपदेशनाच्या वेळी घरातीलच व्यक्ती दुभाषी असेल, तर मनातले मोकळेपणाने सांगता येत नाही. प्रशिक्षित दुभाषी तेथे उपचाराचाच भाग ठरतो.

तपासणी, उपचार आणि कुटुंबाची भूमिका

बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांचा आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असे तज्ज्ञ मानतात. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. विलंबाने उपचारांचा लाभ कमी होतो. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, तसेच मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था येथे तपासणी व पुनर्वसनाच्या सेवा आहेत. पात्र व्यक्तींना केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्रासाठी साहाय्य मिळते. यंत्र लावल्यावर सवय होण्यास काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी गोंगाट वाटला म्हणून ते कपाटात ठेवू नये.

कुटुंबीयांनी समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, सावकाश बोलावे. ओरडल्याने शब्द विकृत होतात आणि ऐकणाऱ्याला तो राग वाटतो. वाक्य न कळल्यास तेच पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. ‘काही नाही, जाऊ दे’ हे उत्तर टाळावे, कारण त्यातून त्या व्यक्तीला संभाषणातून वगळले जाते.

सतत उदासी, झोपमोड किंवा माणसांचा कंटाळा जाणवल्यास ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मदत मिळते. दूरध्वनीवर ऐकणे अवघड असल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात प्रत्यक्ष भेटता येते. तेथे गेल्यावर आपल्याला कमी ऐकू येते, हे प्रथम सांगावे.